घरातील सिल्व्हरफिशचा बंदोबस्त कसा करावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. दादरला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आपले घर आहे. बैठकीच्या खोलीत पश्चिमेकडील भिंतीला बसवलेल्या कपाटात सासऱ्यांचा ग्रंथसंग्रह आहे आणि आतल्या खोलीतील कपाटात साड्या आहेत. गेल्या पावसाळ्यापासून दोन्ही ठिकाणी कसर, म्हणजे सिल्व्हरफिश या नावाने ओळखले जाणारे चंदेरी रंगाचे वळवळत पळणारे किडे, दिसू लागली आहे. वर्षभरात दोनदा पेस्ट कंट्रोल करून घेतले, दोन्ही वेळा महिना-दीड महिना बरा गेला आणि किडे पुन्हा दिसू लागले. आता औषध बदलावे, कंत्राटदार बदलावा की पुस्तकेच काढून टाकावीत, असे आपण विचारले आहे. मुंबईतील घरे, कार्यालये आणि काही ग्रंथालये यांतील कीटकनियंत्रणाचे काम बरीच वर्षे केल्यानंतर माझे मत असे आहे की या तिन्ही गोष्टी आज करण्याचे कारण नाही. आधी कपाट भिंतीपासून सुटे करावे, मग किडे नेमके कोठून येतात ते शोधावे आणि औषधाचा विचार त्यानंतर करावा.

दोन फवारण्यांनंतरही किडे परत आले म्हणजे औषध भेसळीचे होते, असा निष्कर्ष बहुतेक जण काढतात. परंतु तसे क्वचितच असते. नेहमीच्या फवारणीत भिंतीच्या कडेने, स्कर्टिंगवर, म्हणजे भिंतीच्या तळाशी असलेल्या पट्टीवर, आणि फर्निचरच्या बाहेरच्या अंगाला पायरेथ्रॉइड या कीटकनाशकांच्या गटातील औषध मारले जाते. ही कसर निशाचर आहे. दिवसा ती प्लायवूडच्या मागच्या फळीत, भिंत आणि कपाट यांच्यामधील फटीत, चौकटीच्या सांध्यांत किंवा पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या पोकळीत बसून असते. पुढील काही रात्रींत औषधावरून चालणारे किडे मरतात, परंतु फटीतून फारसे बाहेर न पडणारे किडे वाचतात आणि भेगांत घातलेल्या अंड्यांपर्यंत तर औषध पोहोचतच नाही. अंडी उबण्यास तापमानानुसार साधारण दोन आठवड्यांपासून दोन महिने लागतात. आपल्याला महिना-दीड महिना जो दिलासा मिळाला, त्याचा हिशेब येथे जुळतो.

तरीही पुढे जाण्यापूर्वी किडा ओळखून घेणे आवश्यक आहे, कारण मुंबईच्या घरांत चार-पाच निरनिराळ्या किड्यांना सरसकट कसर म्हटले जाते आणि त्यांचे उपाय वेगवेगळे आहेत. सिल्व्हरफिशचे शरीर डोक्याकडे रुंद आणि मागे निमुळते असते, त्यावर चकचकीत खवले असतात, पंख नसतात आणि शेपटीकडे तीन लांब तंतू असतात. लांबी साधारण एक ते दीड सेंटिमीटर भरते. नुकती बाहेर पडलेली पिल्ले पांढुरकी असतात आणि दोन-तीन वेळा कात टाकल्यानंतर त्यांच्या अंगावर खवले येतात. याउलट, भिंतीवर किंवा छताजवळ राखाडी, चपटी, भोपळ्याच्या बीसारखी दिसणारी आणि हळूहळू सरकणारी पिशवी दिसत असेल, तर ती एका पतंगाची अळी असते; कोळ्यांची जाळी, केस आणि लोकर हे तिचे खाद्य असल्यामुळे भिंती झाडून जाळी-जळमटे काढली की तिचा प्रश्न बराचसा मिटतो. पुस्तक उघडताच पानांवर धावणारे एक-दोन मिलिमीटरचे फिकट किडे दिसले, तर त्या पुस्तकउवा असतात, त्या मुख्यतः बुरशीवर जगतात आणि कागद वाळला की नाहीशा होतात. पानांतून आरपार गेलेली गोल, सुबक भोके आणि त्यांतून गळणारा भुसा ही भुंग्याच्या अळीची खूण आहे. मातीचे बोगदे दिसले तर ती वाळवी समजावी आणि त्या बाबतीत मात्र एक दिवसही दवडू नये.

सिल्व्हरफिशने केलेले नुकसान वेगळे ओळखू येते. ती कागद पोखरत नाही, पृष्ठभाग खरवडते. त्यामुळे मुखपृष्ठाची चकाकी ठिकठिकाणी निघून जाते, पानांच्या कडा वेड्यावाकड्या कुरतडल्या जातात आणि काही जागी कागद इतका पातळ होतो की दिव्यासमोर धरल्यास उजेड पलीकडून दिसतो. शेजारी विष्ठेचे बारीक काळे कण, पिवळसर डाग आणि गळालेले खवले आढळतात. तिचे आवडते खाद्य म्हणजे पिष्ट आणि साखर. म्हणूनच पुस्तकातील मजकुरापेक्षा बांधणीची खळ तिला प्रिय असते. जुने बाइंडर मैद्याच्या खळीत मोरचूद घालत असत, ते याच कारणासाठी. कागद, सुती कापड, रेशीम, रेयॉन, मेलेले कीटक आणि स्वतःची टाकलेली कात हेही ती खाते. काही प्रजातींच्या पचनसंस्थेत सेल्युलोज पचवणारे द्रव्य त्यांचे स्वतःचेच असते, हे १९५० च्या दशकातील संशोधनात दिसून आलेले आहे. सांगायचा मुद्दा असा की घरात कागद आणि कापड असेपर्यंत हिला उपाशी मारणे अशक्य आहे. अन्नाशिवाय ती कित्येक महिने तग धरते आणि प्रौढ झाल्यावरही आयुष्यभर कात टाकत काही वर्षे जगते. ती माणसाला चावत नाही आणि कोणताही रोग पसरवत असल्याचे ज्ञात नाही. काही व्यक्तींना तिच्या खवल्यांची ॲलर्जी होऊ शकते, एवढेच. त्यामुळे घाबरून जाऊन घरभर विषारी औषधे मारण्याची गरज नाही.

तिची खरी दुबळी बाजू पाणी ही आहे. नेहमीच्या चंदेरी प्रजातीला, लेपिस्माला, साधारण ७५ टक्क्यांहून अधिक सापेक्ष आर्द्रता मानवते. हवा बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर तिची वाढ आणि प्रजनन मंदावते. म्हणूनच घरातील आर्द्रता ५० टक्क्यांवर आणावी, असा सल्ला सर्वत्र वाचावयास मिळतो. हा सल्ला थंड प्रदेशांतील, बंद खिडक्यांच्या घरांसाठी योग्य आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या बाहेरच्या हवेतच बहुतेक वेळ ८० टक्क्यांहून अधिक आर्द्रता असते आणि आपल्या खिडक्या उघड्या असतात, तेव्हा संपूर्ण घर कोरडे करण्याचा प्रयत्न म्हणजे विजेचे बिल वाढवण्याचा उद्योग ठरतो. मुंबईत जे साधते ते एवढेच, की भिंतीतील जादा ओल थांबवता येते, फर्निचरमागे हवा खेळती ठेवता येते आणि ज्या वस्तू जपायच्या आहेत त्यांच्यापुरती कोरडी, बंद जागा तयार करता येते. घरात एकही किडा राहू नये हे ध्येय ठेवल्यास निराशाच पदरी पडेल. पुस्तके आणि साड्या यांच्यापर्यंत किडा पोहोचू नये हे ध्येय मात्र पूर्णपणे साध्य आहे. येथे एक अपवाद सांगितला पाहिजे. टेनोलेपिस्मा या गटातील राखाडी, किंचित केसाळ आणि लांब शेपटीची प्रजाती तुलनेने कोरड्या जागीही टिकते आणि खोलीच्या मध्यावरही फिरताना दिसते. आपले किडे चकचकीत नसून मळकट राखाडी असतील, तर नुसत्या कोरडेपणावर विसंबून न राहता पुढे सांगितलेल्या आमिषाचा आधार घ्यावा लागेल.

आता आपल्या पश्चिमेकडील भिंतीकडे वळू. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस मुंबईतील इमारतींच्या पश्चिम आणि दक्षिण बाजूंना झोडपतो. प्लास्टरला भेगा असतील तर पाणी आत झिरपते आणि भिंतीचा आतला पृष्ठभाग दिवाळीपर्यंत दमट राहतो. अशा भिंतीला प्लायवूडची पाठ चिकटवून भिंतभर कपाट केले, की मागे काळोखी, ओलसर आणि कोणीही न उघडणारी जागा तयार होते. कसरीला याहून अधिक सोयीचे काही नसते. मी पाहिलेल्या अशा घरांपैकी बहुतेकांत मुख्य वस्ती पुस्तकांत नसून या पोकळीत होती आणि पुस्तकांवर दिसणारे किडे तेथून चरायला येत होते.

ओल आहे की नाही हे तपासण्यासाठी पावसाळा संपेपर्यंत थांबावे लागत नाही. पोपडे सुटणे, रंगाखाली पांढरा क्षार येणे, कुबट वास आणि प्लायवूड फुगणे या खुणा पुरेशा आहेत. शंका असल्यास सुमारे एक फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करून दोन दिवस ठेवावा. भिंतीच्या बाजूने पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीच्या बाजूने जमले तर हवेतील बाष्प थंड भिंतीवर साचते आहे. पहिल्या परिस्थितीत दुरुस्ती बाहेरूनच झाली पाहिजे, आतून ओलरोधक रंग देऊन उपयोग नाही, कारण पाणी दुसऱ्या जागी वाट काढते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्यामुळे होणारी आणि बाहेरच्या सामायिक नळांमधून होणारी गळती दुरुस्त करणे ही संस्थेची जबाबदारी आहे. तेव्हा लेखी अर्ज छायाचित्रांसह आणि पावसाळ्याच्या आत द्यावा. इमारत पागडीची असेल तर विचारणा घरमालकाकडे करावी लागेल, आणि ती उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्ती उपकर भरणारी जुनी इमारत, असेल तर म्हाडाच्या इमारत दुरुस्ती मंडळाकडेही. ही कामे संथ चालतात हे आपणही जाणता, म्हणून घरातील व्यवस्था दुरुस्तीवर अवलंबून ठेवू नये.

साड्यांच्या कपाटामागे न्हाणीघर आहे का, हेही पाहावे. आपल्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. भिंतीच्या आत दडवलेल्या नळाचा सांधा गळत असेल किंवा फरश्यांमधील ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरलेला लेप, झिजले असेल, तर ओल बारमाही राहते, पावसाळ्याची वाट पाहत नाही. किडे जानेवारी-फेब्रुवारीतही तितक्याच संख्येने दिसत असतील, तर संशयाची सुई पावसाकडे न जाता न्हाणीघराकडे जावी.

पुस्तकांचे कपाट भिंतीपासून सुटे करणे हा या सगळ्यातील सर्वांत कटकटीचा आणि सर्वांत उपयोगी भाग आहे. सुताराकडून कपाट काढून घेऊन ते पाच ते आठ सेंटिमीटर पुढे आणावे, खाली किमान दहा सेंटिमीटरचे पाय द्यावेत आणि खालची बंद पट्टी काढून टाकावी, म्हणजे मागून हवा वाहील, केरसुणी जाईल आणि टॉर्च मारून पाहता येईल. कपाट हलवणे शक्यच नसेल, तर पाठीच्या फळीत वर आणि खाली हवेसाठी जाळीदार छिद्रे पाडून घ्यावीत; हा दुय्यम पर्याय आहे, पण निरुपयोगी नाही. कपाट सरकवल्यावर मागची भिंत, फळ्यांचे सांधे आणि बिजागऱ्यांच्या खाचा व्हॅक्यूम क्लीनरच्या चिंचोळ्या नळीने साफ कराव्यात आणि आतील कचरा लगेच पिशवीत बांधून घराबाहेर टाकावा. याने अंडी आणि पिल्ले जितकी जातात, तितकी कोणत्याही फवारणीने जात नाहीत. त्यानंतर भेगा पुट्टीने आणि फर्निचरच्या फटी ॲक्रिलिक सीलंटने बुजवाव्यात. फळ्यांवर अंथरलेली वर्तमानपत्रे काढून टाकावीत. फळी स्वच्छ राहावी म्हणून आपण ती घालतो, पण त्यांच्या खाली कसरीला आडोसा आणि अन्न दोन्ही मिळते.

पुस्तके परत ठेवताना प्रत्येक पुस्तक हाताखालून गेले पाहिजे. हे काम ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात, दिवाळीच्या साफसफाईला जोडून करावे. पावसाळ्यात दमट झालेला कागद तेव्हा सहज वाळतो आणि नवी वस्ती अजून लहान असते. गच्चीत किंवा गॅलरीत, सावलीत आणि वाऱ्यावर पुस्तके उघडी उभी करून ठेवावीत. थेट उन्हात ठेवल्यास कागद ठिसूळ होतो आणि शाई उडते. तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने वरची कड पुठ्ठ्याच्या पाठीकडून बाहेरच्या दिशेने झटकावी. पुस्तके फळीवर इतकी दाबून भरू नयेत की एक काढताना शेजारची दोन बाहेर यावीत.

ज्या पुस्तकांत जिवंत किडे किंवा ताजे कुरतडणे दिसते, ती वेगळी काढून गोठवता येतात. पुस्तक जाड पॉलिथिनच्या पिशवीत घालून, हवा काढून, पिशवी चिकटपट्टीने बंद करावी आणि उणे १८ अंश सेल्सिअसच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर किमान एक दिवस पिशवी उघडू नये, अन्यथा थंड कागदावर बाष्प जमून पुस्तक ओले होते. एक दरवाजाच्या फ्रिजमधील बर्फाचा कप्पा बहुधा इतका थंड होत नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नये. या पद्धतीने अंडीसुद्धा मरतात आणि कागदाला रसायनाचा स्पर्श होत नाही. छायाचित्रे, चौकटीतील चित्रे आणि चामड्याच्या बांधणीची दुर्मीळ पुस्तके मात्र गोठवू नयेत. हस्तलिखित पोथ्या किंवा एकमेव प्रत उरलेली पुस्तके असतील, तर घरगुती प्रयोग न करता संवर्धनतज्ज्ञाला दाखवावीत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे, तेथे निदान योग्य दिशा मिळू शकेल. पुस्तकांवर थेट कीटकनाशक फवारण्यास कोणत्याही परिस्थितीत परवानगी देऊ नये. डाग पडतात आणि पुढे ते पुस्तक हाताळणाऱ्याच्या बोटांना ते औषध लागते.

सगळा संग्रह उघड्या कपाटात ठेवण्याचा आग्रह नसेल, तर क्वचित लागणारी पुस्तके आणि खरेदीखत, शाळेचे दाखले, जुनी पत्रे अशी कागदपत्रे घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या (एक प्रकारचे प्लास्टिक) डब्यांत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह ठेवणे उत्तम. आत वस्तू पूर्ण कोरड्या असतानाच डबा बंद करावा, कारण आत कोंडलेली ओल बुरशीला आमंत्रण देते. रंग बदलणारे सिलिका जेल घ्यावे, म्हणजे ते केव्हा तापवून कोरडे करायचे हे कळते. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचे विषारी संयुग असते, म्हणून नारिंगी घ्यावे. कागदपत्रे लॅमिनेट करण्याचा मोह टाळावा, ते पुन्हा काढता येत नाही. दोन-तीनशे रुपयांचे आर्द्रतामापक यंत्र एका कपाटात ठेवले तर अंदाजाने बोलण्याचे कारण उरत नाही. बंद डब्यात किंवा कपाटात ६० टक्क्यांच्या खाली आकडा राहिला तर मुंबईच्या मानाने ते यश समजावे.

साड्यांबाबत नुकसानीचे मुख्य कारण खळ असते. सुती साड्या खळ घालून, इस्त्री करून महिनोन्महिने ठेवल्या जातात आणि कसरीला तयार जेवण मिळते. लांब काळ ठेवायच्या साड्यांची खळ धुऊन काढावी आणि नेसण्यापूर्वी पुन्हा घालावी. पैठणी किंवा इतर रेशमी साड्या प्लास्टिकच्या आवरणांत न ठेवता धुतलेल्या, बिनखळीच्या सुती कापडात गुंडाळाव्यात आणि दर दोन-तीन महिन्यांनी घड्या बदलाव्यात. बाजारात मिळणारे पाणी शोषणारे डबे, ज्यांत कॅल्शियम क्लोराइड असते, ते बंद कपाटात चांगले काम करतात, परंतु त्यांत साठलेले खारट पाणी सांडले तर रेशमावर कायमचे डाग पडतात, म्हणून डबा सर्वांत खालच्या कप्प्यात, स्वतंत्र ताटलीत ठेवावा. पावसाळ्यात कपाटात छोटा बल्ब जळत ठेवण्याची जुनी पद्धत तत्त्वतः बरोबर आहे, कारण हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता घटते. परंतु कापडाशेजारी तापलेला बल्ब ही आगीची जोखीम आहे आणि आजचा एलईडी दिवा त्या कामापुरता तापतही नाही. ती पद्धत सोडून द्यावी.

माळ्याकडे दुर्लक्ष करू नये. गणपतीच्या मखराचे पुठ्ठे, टीव्हीचे मूळ खोके, लग्नपत्रिका आणि रद्दी यांतून कसर वर्षानुवर्षे सुखाने जगते. पुठ्ठ्याची नालीदार पोकळी तिच्या मापाची असते आणि तो चिकटवलेला असतो पिष्टानेच. घरपोच वस्तूंचे खोके त्याच दिवशी बाहेर जावेत. फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरून घेतलेले जुने पुस्तक संग्रहात मिसळण्यापूर्वी महिनाभर बंद पिशवीत निराळे ठेवावे. स्वयंपाकघरात रवा, बेसन, साबुदाणा हवाबंद डब्यांत असतील तर तेथे आणखी काही करावे लागत नाही.

किडे कोठे आहेत हे डोळ्यांनी ठरवू नये, सापळ्यांनी ठरवावे. झुरळांसाठी मिळणारे चिकट कागदी सापळे भिंतीच्या कडेने, कपाटामागे, न्हाणीघराच्या दारापाशी आणि माळ्यावर ठेवून त्यांवर तारीख लिहावी आणि दर पंधरवड्याला मोजणी करावी. तीन सापळे रिकामे आणि चौथ्यात नऊ किडे आढळले, तर चौथ्याच्या आसपासची हातभर जागा तपासावी, बाकी घर सोडून द्यावे. सापळे विकत घ्यायचे नसतील तर काचेच्या बरणीला बाहेरून खरखरीत कागदी चिकटपट्टी गुंडाळून आत चिमूटभर कणीक टाकावी; किडा पट्टीवरून चढतो, पण गुळगुळीत काचेवरून त्याला पुन्हा वर येता येत नाही.

हे सर्व झाल्यानंतर औषधाचा विचार करावा. घरी वापरण्याजोग्या पदार्थांत बोरिक ॲसिड हे सर्वांत भरवशाचे. कोरड्या फटींत, फर्निचरच्या मागे आणि स्कर्टिंगच्या सांध्यांत त्याचा अगदी पातळ, जेमतेम दिसेल एवढा थर द्यावा. ढीग घातला तर किडा त्याला वळसा घालून जातो. कॅरमसाठी विकली जाणारी प्रत्येक पावडर बोरिकच असते असे गृहीत धरू नये. काहींत पिष्ट असते आणि मग आपण किड्यांना जेवण वाढत असतो. डायटोमेशियस अर्थ ही मृत डायटम शैवालांच्या कवचांची भुकटी किड्याच्या अंगावरील मेणाचा थर खरवडून त्याला शुष्क करते, परंतु ओल लागली की तिचा प्रभाव ओसरतो, म्हणून पश्चिमेकडील भिंतीमागे तिचा उपयोग नाही. दोन्ही भुकट्या श्वासात जाऊ देऊ नयेत, आणि घरात रांगते मूल असेल तर त्या उघड्या जागी पसरू नयेत. झुरळांचा खडू फक्त त्या रेषेवरून चालणाऱ्या किड्यापुरता असतो.

व्यावसायिक उपायांत मला आज सर्वांत आश्वासक वाटते ते जेलचे आमिष. नॉर्वेमध्ये लांब शेपटीच्या प्रजातीवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात इंडॉक्साकार्ब हे घटकद्रव्य असलेल्या आमिषाने घरांतील किड्यांची संख्या फार मोठ्या प्रमाणात घटल्याचे दिसले. ही पद्धत झुरळांच्या जेलसारखी वाटली तरी ती लावण्याचे तंत्र वेगळे आहे: चार-दोन मोठे ठिपके न देता, सापळ्यांनी दाखवलेल्या जागी टाचणीच्या डोक्याएवढे अनेक ठिपके द्यावे लागतात. आमिष खाऊन मेलेला किडा इतर किडे खातात आणि विष पुढे पोहोचते, हा त्याचा आणखी एक फायदा. आमिष लावलेल्या जागी फवारणी करून घेऊ नये, कारण औषधाच्या वासाने किडे आमिषाकडे फिरकत नाहीत.

काही गोष्टी निक्षून टाळायला हव्यात. धान्यात ठेवतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या पुस्तकांच्या कपाटात किंवा माळ्यावर ठेवण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो झिडकारावा. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा प्राणघातक वायू निघतो आणि राहत्या घरांत माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. या गोळ्यांच्या वापरावर कायद्याने निर्बंध आहेत. डांबरगोळ्यांचा परिणाम फक्त हवाबंद पेटीत होतो. उघड्या-मिटत्या कपाटात त्यांचा वास माणसालाच अधिक त्रास देतो. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर त्या मुळीच ठेवू नयेत, कारण जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळांमध्ये त्यांतील नॅप्थलीनमुळे तांबड्या पेशी फुटून गंभीर आजार होऊ शकतो. वेखंड, कडुनिंबाचा पाला, लवंगा, कापूर हे उपाय परंपरेने चालत आलेले आहेत. वेखंडाची पुरचुंडी ठेवण्यास माझी हरकत नाही, पण कपाटामागे वस्ती झाल्यावर तिच्याने ती हटत नाही. कडुनिंबाचा पाला मात्र पूर्ण वाळवूनच ठेवावा, नाहीतर आपणच कपाटात ओल नेऊन ठेवतो.

पुढच्या वेळी पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावताना दूरध्वनीवर खोल्यांच्या संख्येनुसार दर ठरवू नये. आधी पाहणी करण्यास सांगावे आणि आपले सापळे त्यांना दाखवावेत. सापळ्यांकडे न पाहता पंप उघडणाऱ्या माणसाला चहा देऊन परत पाठवण्यास हरकत नाही. कीटकनाशक कायदा, १९६८ अन्वये आवश्यक असलेला परवाना, औषधाचे नाव आणि मूळ डब्यावरील लेबल पाहण्यास मागावे. लेबलवरील त्रिकोणाचा रंग विषारीपणाची श्रेणी सांगतो: लाल सर्वांत तीव्र, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. फवारणी करावीच लागली तर ती घरभर न करता बारीक नळीने फटींमध्ये व्हावी. घरात मत्स्यपेटी असेल तर ती झाकून तिचा हवेचा पंप बंद ठेवावा किंवा ती दुसरीकडे हलवावी, कारण पायरेथ्रॉइड औषधे माशांसाठी अत्यंत विषारी असतात. मांजरांनाही काही औषधांचा गंभीर त्रास होतो, तेव्हा मांजर पाळलेले असल्यास आधी सांगावे. धुराच्या डब्यांनी किंवा फॉगिंगने या किड्यावर काही साधत नाही.

अपेक्षा कोणत्या ठेवाव्यात, हेही सांगतो. कपाट सुटे करून, साफसफाई आणि आमिष एकाच महिन्यात झाले, तर सापळ्यांतील संख्या पहिल्या दोन महिन्यांत झपाट्याने उतरावी. त्यानंतर लहान, फिकट पिल्ले सापडू लागली तर घाबरू नये, ती आधीच्या अंड्यांतून आलेली असतात. अशा वेळी आमिषाचे ठिपके ताजे करावेत, फवारणी मागवू नये. अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत प्रजाती आणि तापमान यांनुसार काही महिन्यांपासून वर्ष-दीड वर्षाहून अधिक काळ जातो, त्यामुळे सापळे एक संपूर्ण पावसाळा ओलांडेपर्यंत काढू नयेत. ऑगस्टमध्ये एखाद-दुसरा किडा न्हाणीघरापाशी सापडणे हे मुंबईत सामान्य आहे. मात्र पुस्तकांच्या कपाटामागील सापळ्यात दोन पंधरवडे सलग संख्या वाढताना दिसली, तर भिंतीत नवी ओल आली आहे असे समजून प्लास्टिकच्या तुकड्याची चाचणी पुन्हा करावी आणि तिचे छायाचित्र संस्थेच्या अर्जाला जोडावे.